तोंड मोकळं ठेवणारं वाद्य

तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार प्रकार शास्त्रकारांनी सांगितले आहेत. हे शास्त्रकार विदर्भातले नसावेत. असते तर त्यांनी दोनच प्रकार केले असते: वाजवताना बोलता येतं ती वाद्यं आणि वाजवताना गप्प बसावं लागतं ती. बासरी, सनई वगैरे मंडळी दुसऱ्या प्रकारातली. बँडवाल्यांचं पोटच त्यावर आहे, त्यांचं सोडा. पण हौसेने तासभर तोंडात नळी धरून बसायचं आणि दारात कोणी उभं राहिलं तर ‘काय जी, कधी आले?’ एवढंही विचारायचं नाही, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला झेपणारं नाही. तोंडात काही धरूनच बसायचं असेल तर आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे, आणि तो गालात ठेवून बोलताही येतं.

पहिल्या प्रकारात पहिला नंबर खंजिरीचा. वीतभर रुंदीचं लाकडी कडं, एका अंगाने ताणून बसवलेलं चामडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्याने थाप मारायची. तबला वाजवायलाच दोन्ही हात लागतात, शिवाय बैठक लागते आणि एक हातोडी लागते. खंजिरीवाला उभा राहतो, चालतो, गर्दीत शिरतो, आणि तोंड सगळा वेळ मोकळं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या मोकळ्या तोंडाचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. भजनाचं एक कडवं झालं की थाप थांबवायची, दारू, हुंडा, गावातली घाण यांवर चार शब्द सुनवायचे, आणि ऐकणाऱ्याला राग यायच्या आत पुन्हा थाप सुरू करायची. १९३६ साली गांधीजींनी त्यांना इथे सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि महिनाभर ते आश्रमात राहिले. तेव्हा सेवाग्राम हे नाव नव्हतं. गावाचं नाव शेगाव होतं. ते १९४० मध्ये बदललं, तोवर बापूंची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन येत. गांधीजी या गावात राहायला आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी, आणि तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा. हा योगायोग मी भेटेल त्याला सांगतो. पण वर्धेकराला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं: ‘एप्रिल सरता सरता कोणी वर्ध्यात राहाले येते का बाप्पा?’

१९४२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तिकडे चिमुरात लोक पेटून उठले, त्यात या भजनांचाही हात आहे असं इंग्रज सरकारला वाटलं आणि महाराजांना अटक झाली. बासरीवाल्याला या कारणासाठी कोणी धरलं नसतं. अकोटकडचे सत्यपाल महाराज तर एका वेळी सात खंजिऱ्या वाजवतात, आणि तरीही त्यांचं बोलणं अडत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो पुण्याला एका कंपनीत आहे. तिथे कामाचा ताण उतरावा म्हणून साहेबलोकांना गोल बसवून ढोल बडवायला देतात. याला ड्रम सर्कल म्हणतात. त्यात म्हणे चूक असं काही नसतंच. (आमच्या भजनी मंडळात असते, आणि ती तिथल्या तिथे आईबापाच्या नावासकट सांगितली जाते.) गेल्या गणपतीत तो आला तो जेंबे घेऊन.

आमच्या मंडळाचे काकाजी चष्मा कपाळावर सरकवून त्या वाद्याभोवती एक फेरी मारून आले.

‘कुठलं हाये हे?’

‘पश्चिम आफ्रिकेतलं आहे, काकाजी.’

‘चामडं कायचं?’

‘बकरीचं.’

‘मंग आपलंच हाये. वाजव बाबू.’

भाच्याने जेंबे गुडघ्यांत धरला आणि सुरू केलं. वाजवतो बरा. मधेच काकाजींनी विचारलं, ‘पुण्याहून गाडीला कितीक लागले?’ भाच्याने ‘साडेआठशे’ म्हणताच ठेका घसरला. ‘बोलता नाही येत,’ काकाजींनी निकाल दिला.

भाचा हट्टाला पेटला. त्याने मोबाइल काढून काकाजींना जगभर फिरवून आणलं. पेरू देशातला काहोन म्हणजे चक्क लाकडी खोकं. तिथल्या गुलामांनी पेट्या बडवून हे वाद्य घडवलं, आणि वाजवणारा त्याच्यावरच बसतो. काकाजींना ही सोय फार आवडली; मंडळाच्या खुर्च्या दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या लग्नात जातात. नायजेरियाचा उडू म्हणजे पोटाला भोक पाडलेलं मातीचं मडकं. ‘भोक पडलेला माठ आमी फेकून देतो,’ काकाजी म्हणाले. तामिळनाडूची कंजिरा पाहून ते खुलले, कारण ती सख्खी बहीणच. फक्त चकत्यांची एकच जोडी. पण तिला परंपरेने घोरपडीचं कातडं लावत हे कळल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. ‘बंद कर ते. बोरचे फॉरेस्टवाले आईकतीन.’ घोरपड मारण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, आता बकरीचं नाहीतर कृत्रिम चामडं वापरतात, असं भाचा सांगत राहिला. पण बोर अभयारण्याच्या शेजारी ज्याचं शेत आहे त्याला हा कायदा कोणी समजावून सांगायची गरज नसते.

ब्राझीलचा पांदेइरो मात्र शंभर टक्के मार्कांनी पास झाला. एका हातात धरलेली, चकत्या लावलेली चपटी डफली; अंगठा, बोटं, तळवा असं आळीपाळीने वाजवणं; आणि वाजवणारा मजेत गात होता. ‘हा माणूस तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात बसून गेलाय काय?’ काकाजींनी विचारलं.

खंजिरीची खरी परीक्षा पावसाळ्यात असते, आणि गणपती नेमके पावसाळ्यात येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा चामडं नुसतं नख लागलं तरी टणकन वाजतं. भादव्यात तेच असं मऊ पडतं की थाप मारली तर भद्द. कंजिरावाले आवाज खाली आणायला चामड्याला मुद्दाम पाणी लावतात. आमच्याकडे ते काम हवाच करते, तेही फुकटात. म्हणून काकाजी आरतीआधी आमच्या स्वयंपाकघरात येतात, गॅस बारीक करतात आणि खंजिरी आचेवर वीतभर उंचीवर धरून सावकाश फिरवतात. दर दोन मिनिटांनी बोटाने टिचकी मारून कान लावतात. आमची सौ. दरवर्षी विचारते, ‘काकाजी, एक बाजू झाली की उलटवू का?’ नटबोल्टाची फायबरची खंजिरी बाजारात मिळते, हवा कशीही असो तिला फरक पडत नाही. पण ती डब्ब्यावानी वाजते असं काकाजींचं मत आहे. मला विचाराल तर फायबरला चहा मिळत नाही, हे खरं कारण.

त्या रात्री भजनाला भाचाही जेंबे घेऊन बसला. पहिलं कडवं झालं, काकाजींनी सवयीने थाप थांबवली आणि वर्गणी न देणाऱ्यांकडे वळले. इतर वेळी ठेका थांबला की लोक चुळबुळ करतात, म्हणून बोलणं आटोपतं घ्यावं लागतं. आज ठेका चालूच होता. काकाजींनी जेंबेकडे पाहिलं, खंजिरी मांडीवर ठेवली आणि ऐसपैस बोलायला लागले. वर्गणी झाली, नाली झाली, पोरांचे मोबाइल झाले, कापसाचा भाव झाला. लोकही डोलत ऐकत होते. भाच्याचे तळवे लाल झाले. तो डोळ्यांनी मला खुणावत होता, पण तोंडाने सांगावं तर ठेका चुकणार. मी हात जोडून मान डोलावत राहिलो. काकाजी तोवर सोयाबीनवर आले होते.