दीड डॉलरचा हट्ट

किराणा भरायला गेलेल्या माणसाने तिथेच जेवायला बसू नये, असं शहाणी माणसं सांगतात. एका अंगाला गाड्यांचे टायर बदलून मिळतायत, दुसऱ्या अंगाला टॉयलेट पेपरचे गठ्ठे छताला भिडलेत, आणि मधल्या बाकड्यावर बसून तुम्ही खाताय. याला का जेवण म्हणायचं? जेवायला बाहेर पडायचं तर बरे कपडे घालावेत, टेबल राखून ठेवावं, वेटरने आणलेलं मेनूकार्ड दोनदा वाचावं. अमेरिकेतल्या कॉस्को या सभासदांसाठीच्या दुकानसाखळीच्या फूड कोर्टात यातलं काहीच घडत नाही. तरीही तिथे जेवण्याचा हा मूर्खपणा मला त्या देशातल्या फार थोड्या निर्मळ गोष्टींपैकी एक वाटतो आणि त्याची मी मनापासून स्तुती करणार आहे.

या मूर्खपणाची सुरुवात गिऱ्हाइकाने नव्हे, दुकानदाराने केली. पाव किलोच्या निम्म्याहून थोडं कमी वजनाचा हॉट डॉग आणि सोबत वीस औंस, म्हणजे जवळजवळ सहाशे मिलिलिटर, सोडा. तोही पुन्हा हवा तितका भरून घ्या. या जोडीची किंमत १९८५ साली दीड डॉलर ठरली आणि ती आजही दीड डॉलरच आहे. दरम्यानच्या चाळीस वर्षांत अमेरिकेतली महागाई जवळपास तिप्पट झाली. हिशेबाने आज त्या जोडीला सव्वाचार डॉलरच्या पुढे मोजायला हवेत. व्यवस्थापनशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवेल: किंमत वाढवा, गिऱ्हाईक कुठेही जाणार नाही. उत्तर बिनचूक आहे. कॉस्कोने ते ऐकलं नाही.

पुढे कंपनीचे सीईओ झालेले क्रेग जेलिनेक एकदा सहसंस्थापक जिम सिनेगल यांच्याकडे हेच गाऱ्हाणं घेऊन गेले होते. या किमतीत आपल्याला हॉट डॉग विकणं परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. सिनेगल यांनी एक शिवी हासडली आणि किंमत वाढवलीस तर तुझा जीव घेईन, काय तो मार्ग शोध, असं सुनावलं. ही गोष्ट जेलिनेक यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे. मार्ग निघाला तो असा: बाहेरच्या कंपनीचे सॉसेज घेणं बंद केलं, कर्कलंड या आपल्याच ब्रँडच्या नावाने ते बनवायला घेतले, त्यासाठी कारखाना उभारला. २०१३ मध्ये सोडाही कोकऐवजी पेप्सीचा झाला. म्हणजे अख्खी यंत्रणा हलवली, पण फलकावरचा आकडा हलवला नाही. साधारणपणे धंद्यात नेमकं याच्या उलट करतात.

कंपनी धर्मादाय नाही, हे उघड आहे. तिचा बराचसा नफा वार्षिक सभासद वर्गणीतून येतो. २०२४ मध्ये साधी वर्गणी साठवरून पासष्ट डॉलर झाली, तेव्हा हॉट डॉगला मात्र कुणी हात लावला नाही. स्वस्त हॉट डॉग हे गिऱ्हाईक ओढण्याचं आमिष आहे, असं म्हणून चतुर मंडळी विषय संपवतात. असेल आमिष. पण आमिषाची किंमत चाळीस वर्षं तीच ठेवणारा दुसरा कुणी मला दाखवावा. आपल्याकडे १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती. अनुदान होतं, जागा होत्या, हेतूही चांगला होता. ती केंद्रं पुढे कुठे वडापावची झाली, कुठे बंद पडली. स्वस्तात जेवू घालणं सुरू करणं सोपं, ते चालू ठेवायला हट्ट लागतो.

आता खाणाऱ्याचा मूर्खपणा. हॉट डॉग गोमांसाचा असतो, त्यामुळे आपली पुष्कळ मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासाठी चीज पिझ्झा आहे, १.९९ डॉलरला एक स्लाइस. न्यू जर्सीत एडिसनच्या कॉस्कोत शनिवारी दुपारी गेलात तर तो कसा खाल्ला जातो ते दिसेल. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बाकड्यावर टेकलेत. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही बसा, मी आणतो.” बाबा मनातल्या मनात रुपये करून बघतात आणि मग म्हणतात, “एक आण रे, आम्ही दोघं अर्धा अर्धा खाऊ.” स्लाइस येते ती कागदी प्लेटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारी. अर्ध्यातच पोट भरेल हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात येतं. आई पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढतात, चीजवर चिमूटभर पेरतात. सून एकदा इकडेतिकडे बघते आणि मग स्वतःची प्लेट पुढे करते.

पलीकडच्या बाकड्यावर रंगाचे डाग पडलेल्या बुटांतले दोन कामगार स्पॅनिशमध्ये बोलत हॉट डॉग खातायत. त्यांच्या शेजारी महागड्या गाडीची किल्ली टेबलावर टाकून एक गृहस्थ तोच हॉट डॉग, त्याच किमतीत, त्याच चांदीच्या कागदातून सोडवतायत. राखीव टेबल नाही, टिप नाही, वेटर नाही, त्यामुळे कुणाचा जास्त मान राखला जाण्याचा प्रश्नच येत नाही. ट्रॉलीत एकाकडे चारशे डॉलरचा माल असेल, दुसऱ्याकडे फक्त केळी. प्लेटवरून ते ओळखता येत नाही. वर्गानुसार वस्त्या, शाळा आणि दवाखाने वाटून घेतलेल्या देशात अशी पंगत मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि ती बसते कुठे, तर टायरच्या दुकानाशेजारी. कपडे बदलून, टेबल राखून जेवायला जाणाऱ्या शहाण्यांना ती दिसणं शक्य नाही.

चव? पिझ्झाला तेल सुटतं, पावाला विशेष गुण नाही, चीज मात्र सढळ. ज्याला पदार्थाच्या बारकाव्यांत रस आहे त्याने दुसरीकडे जावं. पण दोन पोरं, एक थकलेली बायको आणि भरलेली ट्रॉली घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला दहा डॉलरच्या आत सगळ्यांची तोंडं चालू करता येतात, याचं मोल बारकाव्यांत रस असणाऱ्यांना कळणार नाही.

माझी तक्रार एकच आहे. फूड कोर्टात खाण्यासाठी सभासदाचं कार्ड मागण्याची सक्ती २०२४ पासून वाढली आहे. याआधी बऱ्याच ठिकाणी, विशेषतः जिथे खिडकी इमारतीच्या बाहेर होती तिथे, कार्ड नसलेला माणूसही दीड डॉलर देऊन जेवून जायचा. बसायला जागा कमी पडते, सभासदांनी पैसे भरलेत, हे म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. किंमत वाढवा म्हणणाराही हिशेबाने बरोबरच होता. त्याला सिनेगल यांनी जे सुनावलं, तेच आज कार्ड मागा म्हणणाऱ्याला कुणीतरी सुनवायला हवं.