समजा, नाही दिली तर?

नानांना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, कुत्रा वेगळ्या रंगाचा असेल. पण जनावरांच्या दवाखान्यात पुढचा नंबर तुमचा असताना ज्यांचं आत काही केल्या आटपत नाही, ते नानाच. मी पिंजऱ्यात मांजर घेऊन बाहेर बसलेला असतो, मांजर डोंबिवली डोक्यावर घेत असतं, आणि आतून आवाज येतो, “पण डॉक्टर, समजा, नाही दिली तर?”

नाना लशीच्या विरुद्ध नाहीत. ते कशाच्याच विरुद्ध नसतात, त्यांना फक्त चौकशी करून ठेवायची असते. बंड्या दोन महिन्यांचा होता तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला ‘सेव्हन इन वन’ टोचलं, कुपीवरचं लेबल सोलून पिवळ्या वहीत चिकटवलं आणि शेजारी तीन आठवड्यांनंतरची तारीख घातली. नाना म्हणाले, “पुन्हा? म्हणजे ही वाया गेली?” बाईंनी नीट समजावलं. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला जपते, पण तीच लशीलाही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी टोचत राहायचं. नानांनी सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि विचारलं, “समजा, मधली नाही दिली तर?”

हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेत. ‘समजा, उद्या तुम्हाला काही झालं तर?’ असं विचारत त्यांनी अर्ध्या डोंबिवलीला पॉलिसी विकली. आता ते त्याच वाक्याचं दुसरं टोक धरून बसलेत. सोसायटीची टाकी समजा यंदा नाही धुतली तर? वर्गणी समजा नाही वाढवली तर? मुलीच्या लग्नात गुरुजींनी सातवं पाऊल टाकायला सांगितलं तेव्हा नाना काहीतरी पुटपुटले आणि नानींनी त्यांना कोपर मारलं, हे मी स्वतः पाहिलंय.

मग त्यांना कुठूनसं कळलं की जगभरच्या पशुवैद्यांची संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, म्हणते की मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्व्होची लस तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नये. म्हणते खरंच. नानांनी ते पान लॅमिनेट करून आणलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे काका, ही तीन वर्षांनी देऊ. पण लेप्टोची दरवर्षी, आणि रेबीजची कायदा नि कुपीवरची सूचना सांगेल तशी. तेही यांनीच लिहिलंय.” ते मागच्या पानावर होतं. लॅमिनेशन एकाच पानाचं होतं.

“पण आमचा बंड्या बाहेर जातच नाही!”

“तो जात नाही, उंदीर आत येतात ना. 2005च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोनं माणसं दगावली होती, काका.”

नानांनी टायटरची मागणी केली, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं शिल्लक आहेत का ते बघून मगच टोचा. चाचणी लशीपेक्षा महाग निघाली. समजा, नाही केली तर, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

रेबीजच्या सुईशी मात्र त्यांनी कधी घासाघीस केली नाही. उलट तो विषय निघाला की भर दवाखान्यात शर्ट वर करून ते पोट दाखवतात. लहानपणी वाड्यातलं कुत्रं चावलं होतं, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतलीत. “मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस हो ती!” ती आपल्याकडे थेट 2004-05च्या सुमाराला बंद झाली. पोटावर आता काही दिसत नाही, पण बघावं लागतं. आणि 28 सप्टेंबरच्या आसपास रेबीज दिनाची फुकट लसीकरणाची गाडी आली की हाच माणूस बिस्किटाचे पुडे घेऊन गल्लीतली कुत्री धरायला धावतो. मानेला पकडतो, शिव्या खातो, बोट चावून घेतो, नळाखाली साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात धुतो आणि सुई घ्यायला निमूट इस्पितळाच्या रांगेत उभा राहतो. एवढं मला मान्य करावंच लागतं.

बंड्या आता तेराव्या वर्षात आहे. मूत्रपिंडं गेलीत, मागचे पाय धरत नाहीत. परवा बाईंनी त्याला तपासलं आणि पिवळी वही न उघडताच परत दिली.

“यंदा राहू द्या, काका.”

“राहू द्या म्हणजे? तारीख उलटून गेलीय.”

“लस निरोगी जनावराला देतात. आता त्याला त्रास नको.”

माझा नंबर लगेच आला. नाना आत काहीच बोलले नाहीत, हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

रात्री साडेदहाला बेल वाजली. नाना दारात, वही हातात. “तुमच्या मांजराला मागे तो स्टेशनजवळचा डॉक्टर बघायचा ना? जरा विचारून बघता का, तो देईल का म्हणून.” मी म्हटलं, नाना, बसा तर आधी. ते बसले नाहीत. “सगळ्या देऊ दे म्हणावं. लेप्टोसुद्धा.”