कागद चोख, पोर भलतंच!

सरकारी कामाला वेळ लागतो, असं कोण म्हणतं? दक्षिण कोरियाकडे बघा. १९८४ साली परदेशी कुटुंबांना मूल दत्तक देण्याच्या ९९ टक्के परवानग्या त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिळाल्या. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी याहून जास्त खेटे घालावे लागतात.

ही चपळाई साधली कशी? सरकारने सगळा कारभार खासगी संस्थांच्या हवाली केला. मुलाचा कायदेशीर पालक संस्थेचा प्रमुख, दत्तक द्यायला संमती देणाराही तोच आणि परदेशातून येणारे पैसे त्याच्याच संस्थेच्या गल्ल्यात. मग सहीसाठी अडणार कोण? मुलाचे आईबाप हयात असले, तर तेवढीच काय ती पंचाईत. त्यावरही तोड होती: मूल बेवारस सापडलं असं लिहायचं, की झालं अनाथ! जायच्या आधी एखादं मूल दगावलं किंवा आईबाप त्याला परत घेऊन गेले, तर त्याच्याच कागदांवर दुसरं पोर रवाना. नाव तयार, जन्मतारीख तयार.

१९५५ ते १९९९ या काळात १ लाख ४० हजारांहून अधिक मुलं दत्तक म्हणून देशाबाहेर गेली. १९८४ च्याच एका फोटोत डेन्मार्कला निघालेल्या विमानात तान्ही बाळं सीटांना बांधून ठेवलेली दिसतात. सरकारची देखरेख कमी पडली म्हणे! छे, छे. डोळेझाक हेच काम होतं आणि ते फत्ते झालं. अनाथांना पोसायचा खर्चही वाचला.

अखेर मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने सरकारवर ठपका ठेवला. तक्रारी ३६७, त्यातल्या ९८ तपासून झाल्या, ५६ जणांवर अन्याय झाल्याचं मान्य झालं. उरलेल्या ४२ जणांचा निर्णय लांबणीवर. कारण? पुरेशी कागदपत्रं नाहीत! तक्रार काय, तर आमचे कागद खोटे केले. उत्तर काय, तर कागद आणा.

दत्तक मुलांच्या रक्षणासाठी झालेल्या हेग करारावर कोरियाने २०१३ साली सही केली. तो तिथे लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. मूल पाठवायला एक दिवस, राखायला बारा वर्षं.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे परदेशी दत्तकाचे नियम बसले ते १९८४ मध्ये, तेही एका वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने कान टोचल्यावर. केंद्राचं दत्तक प्राधिकरण आलं, शिक्के आले. तरी २०१० मध्ये पुण्यातल्या एका संस्थेची सीबीआय चौकशी करा, हे मुंबई उच्च न्यायालयालाच सांगावं लागलं.

मूल परदेशी धाडल्यावर ज्याला पैसे मिळतात, त्यालाच ‘हे अनाथ आहे ना?’ असं विचारून कागदावर शिक्का मारणं, याला देखरेख म्हणत नाहीत. ती भागीदारी झाली.