एल मोरोचा किल्ला आणि आपली तूर

सान हुआन, पोर्तो रिको
डिसेंबरअखेर

ती. बाबा आणि आई, सा. न.

अल्लीपुरात कोणी विचारलं तर सांगा, पोरगी परदेशातून आणखी परदेशात गेली. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे न्यू जर्सीहून यायला व्हिसा लागला नाही. पण बोलणं सगळं स्पॅनिश. तुमचे जावईबापू महिनाभर मोबाइलवर स्पॅनिश घोकत होते. हॉटेलवालीला त्यांनी दोन वाक्यं ऐकवली, तिनं सरळ इंग्रजीत उत्तर दिलं. तेव्हापासून ते फक्त ‘ग्रासियास’ म्हणतात, तेही हळूच.

जुन्या शहराच्या टोकाला, समुद्रावर, एल मोरोचा किल्ला आहे. स्पॅनिशांनी १५३९ मध्ये बांधायला घेतला, काम अडीचशे वर्षं चाललं. मागच्या खोलीच्या प्लॅस्टरवरून आई तुम्हाला बोलते ना बाबा, तिला एवढं वाचून दाखवा. १५९५ मध्ये ड्रेक हा नामांकित इंग्रज दर्यावर्दी चालून आला, त्याला तोफांनी पिटाळलं. तीन वर्षांनी कंबरलंडचा उमराव जमिनीच्या बाजूनं आला आणि त्यानं किल्ला घेतलासुद्धा. पण फौजेला अशी हगवण लागली, की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. आमच्या चिंगीला सगळ्या इतिहासातलं तेवढंच लक्षात राहिलं. तिनं तिथल्या गणवेशातल्या माणसाला गाठून संडास कुठं होते ते विचारलं.

किल्ल्यासमोरच्या मैदानात लोक पतंग उडवतात, पण काटाकाटी करत नाहीत. जावईबापूंचा हिरमोड झाला. गल्ल्यांत निळसर फरसबंदी, रंगीत घरं, लाकडी सज्जे, बर्फाच्या गोळ्याची गाडी. फोटो पाठवलेच आहेत.

पत्र लिहायचं खरं कारण म्हणजे भात. दुपारी एका खाणावळीत ‘आर्रोस कोन गांदुलेस’ मागवला. त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून आधी बजावलं. ताट आलं आणि बघते तर काय, सोलेभात! हिरवे तुरीचे सोले, भात शेंदरी रंगाचा, आणि सांबारासारखा वास येणारी लांब पानांची कसलीशी भाजी वाटून घातलेली. तिखटाचं नाव नाही. मी पर्समधली तिखटाची पुडी काढली, तर मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनीही चिमूटभर घेतलं आणि पाणी मागवलं. नंतर पातेल्याच्या बुडाची खरवड आणून दिली. इथं तिच्यासाठी घराघरात भांडणं होतात म्हणे. बाबा, तुमचं इथं छान जमेल.

तूर मूळची आपल्याकडची. ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर या बेटांवर आली. आता नाताळात सोलेभात नसेल तर यांचा सण होत नाही. किल्ल्यावर पाट्याच पाट्या आहेत, तुरीची एकही नाही. माझ्या मते लावायला हवी.

आपल्या तुरीला शेंगा धरल्या असतील. हिंगणघाटच्या बाजारात यंदा काय भाव निघतो ते कळवा. इथला डबाबंद सोल्यांचा भाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही पोती घेऊन विमानतळावर उभे राहाल. बियाणं मात्र कोणाबरोबर पाठवू नका, कस्टमवाले काढून घेतात. सोल्यांच्या वड्यांत ओवा घालते की जिरं, तेवढं आईनं फोनवर सांगावं.

तुमची,
बेबी