देवाचं अंडं

चर्चमधल्या बाकावर एकटीनं हसता येत नाही. सागवानी, लांबलचक, आठ बायका बसतील असं आमचं बाक. एका टोकाला कुणी तोंडात पदर कोंबून हसू दाबलं की त्याचा हादरा फळीतून सरकत दुसऱ्या टोकाला पोचायचा. दुसऱ्या टोकाला आजी. ती डोळे उघडायची नाही, मानही वळवायची नाही. शेजारणीला कोपरानं ढोसायची, ती पुढचीला, ती तिच्या पुढचीला, आणि सातव्या बाईकडून मला चिमटा मिळायचा. प्रार्थना चालू असताना इतकी बिनबोभाट टपालसेवा मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

घरी आल्यावर मी एकदा बचाव केला होता. म्हटलं, "आजी, बायबलात सारासुद्धा हसलीच की." खरंच हसली होती. म्हातारपणी तुला मुलगा होईल असं देव तिच्या नवऱ्याला, अब्राहामाला, सांगत होता, ते तिनं तंबूच्या दारामागून ऐकलं आणि तिला हसू फुटलं. देवानं विचारल्यावर "मी नाही हसले" म्हणून कानांवर हातही ठेवले. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव इसहाक, म्हणजेच हसणं. आजी भाकरी थापत म्हणाली, "हसली ना? मग नव्वदाव्या वर्षी बाळंतपण काढावं लागलं तिला. तुला काढायचंय?"

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. 1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं मांडलं, त्यानंतर या मुलखात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. पण गावात बायकोलाही मंडळीच म्हणतात. त्यामुळे "आज आमची मंडळी आली नाही" असं कुणी हळहळून सांगितलं की नवे पाळकसाहेब आधी त्याच्याकडे आणि मग भरलेल्या बाकांकडे बघत राहायचे.

उपासनेचा क्रम ठरलेला. गीत, पापकबुली, शास्त्रवाचन, अर्पण, उपदेश, आशीर्वाद. हसण्याला त्यात जागा नाही, म्हणून ते मिळेल त्या फटीतून आत शिरतं. सगळ्यात मोठी फट म्हणजे उत्स्फूर्त प्रार्थना. आमचे सेक्रेटरीकाका प्रार्थनेतूनच सूचना द्यायचे. "हे प्रभो, तुला ठाऊकच आहे की बुधवारी संध्याकाळी सहाला कमिटीची बैठक आहे. मागच्या बैठकीला कोण आलं नव्हतं तेही तुला ठाऊक आहे. त्यांची नावं मी घेत नाही, प्रभो, पण ते उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसलेत." उजवीकडच्या तिसऱ्या बाकावरून क्षीण आवाजात "आमेन" यायचा.

दुसरी फट गाण्यांची. साहेब लोकांनी त्यांच्या चाली आणल्या आणि त्यांत मराठी शब्द बसवले. म्हणजे चाल बसली, शब्द मात्र उभेच राहिले. एका गीतात 'तारणारा' हा शब्द 'ता'वर येऊन अडायचा, पायपेटी भात्यात हवा भरून घ्यायची, आणि 'रणारा' पुढच्या ओळीत उतरायचा. बरीच वर्षं मला वाटायचं, रणारा हे येशूचं आडनाव. बरं झालं, नारायण वामन टिळक आमच्यात आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं सांगणारा हा माणूस. त्यांचं भजन निघालं की पायपेटी गप्प बसायची, टाळ बाहेर यायचे, आणि मघापर्यंत खांबासारखे ताठ उभे असलेले पुरुष एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलायला लागायचे. भजनात शब्द तुटला म्हणून कुणी हसल्याचं मला आठवत नाही, कारण तो तुटतच नाही.

उपदेशाचं माप आजी लवंगांत करायची. रुमालाच्या गाठीत लवंगा असायच्या. आपल्या पाळकसाहेबांना एक, बाहेरून पाहुणे वक्ते आले तर दोन, आणि पाहुणे अमेरिकेला जाऊन आलेले असले तर गाठ सुटीच ठेवायची. लांब उपदेशाला आधारही थेट बायबलातला. त्रोवस इथं पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तेव्हा मेलेलाच होता. पौलानं खाली येऊन त्याला जिवंत केलं. इथपर्यंत सगळे पाळक सांगतात. त्यानंतर पौल वर गेला, चार घास खाल्ले आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला, हे मात्र घाईत सांगतात.

उत्तम शुक्रवारी तर बारा ते तीन. वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर एक वक्ता. त्या दिवशी हसायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, आम्हालाही कळत होतं. पण एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि पहिले वक्ते चौघांचा वेळ एकट्यानं खाऊन बसलेले. पाचवा उद्गार तहानेचा. तो यायला दोन वाजून जायचे, आणि त्यावरच्या उपदेशाला मंडळीचा जो मनापासूनचा प्रतिसाद मिळायचा तसा इतर कुठल्याच उद्गाराला नाही. सहावा उद्गार सगळं पूर्ण झाल्याचा. तेव्हा पोरं चपला शोधायला लागायची, आणि सातवे वक्ते घसा खाकरत उठायचे.

मुद्दाम केलेला विनोद मात्र आमच्याकडे तग धरत नाही. हल्लीचे एक तरुण पाळक मोबाइलवर आलेला चुटका सांगून उपदेश सुरू करतात. मंडळी तो आज्ञापालन केल्यासारखी ऐकून घेते. एक काका त्यांना दारात हात मिळवताना म्हणाले, "विनोद चांगला होता साहेब, पण आधी प्रार्थना करून सांगायला पाहिजे होता." बव्हेरियात हे पाळक खपले असते. तिकडे पंधराव्या-सोळाव्या शतकात ईस्टरच्या उपदेशात धर्मगुरू चावट गोष्टी सांगून, जनावरांचे आवाज काढून लोकांना हसवायचे. ख्रिस्तानं मरणाची फजिती केली म्हणून ते हसणं. 1518 साली बाझलच्या एकोलाम्पाडियस नावाच्या विद्वानानं या प्रकाराविरुद्ध पत्रच छापलं. त्याला आमच्या आजीशेजारी बसवायला हवं होतं. चिमटा पोचवायला एक माणूस वाढला असता.

आमच्याकडचं हसू यायचं ते हंगामाच्या सणाला. पहिलं पीक देवाला. वेदीसमोर ज्वारीची कणसं, कांदे, दुधी भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या, टोपलीत अंडी, आणि टेबलाच्या पायाला बांधलेला एक गावठी कोंबडा. त्या वर्षी पाहुणे वक्ते होते. ते म्हणाले, "आता शेवटचा मुद्दा." वीस मिनिटांनी म्हणाले, "शेवटी एवढंच." लोकांनी गीताची पुस्तकं उघडली. आणखी दहा मिनिटांनी त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "शेवटचं एकच सांगतो." तीनदा झालं आणि कोंबडा आरवला.

कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे येशूनं पेत्राला सांगितलेलं चर्चमध्ये कुणाला ठाऊक नाही? बाक हललं. या वेळी आजीच्या टोकाकडून हललं. वक्त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि तिथेच आशीर्वाद दिला. कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला होता. आम्ही बाहेर जाऊन लिंबाखाली पोट धरून हसलो.

मग लिलाव. निवृत्त मास्तर टेबलावर उभे. आजीनं आणलेल्या भोपळ्यावर शेजारच्या काकूंनी बोली लावली, तेव्हा आजीला तो एकाएकी फार देखणा वाटायला लागला आणि तिनं स्वतःचाच भोपळा वीस रुपयांना सोडवून घेतला. शेवटी एक अंडं उरलं. लिलावातली वस्तू घेणारा पैसे भरून ती परत अर्पण करतो, म्हणजे देवाला पुन्हा मिळते आणि आपला मोठेपणाही राहतो. ते अंडं कमिटीच्या चेअरमननं घेतलं, परत दिलं. पोस्टमननं घेतलं, परत दिलं. सहा हात फिरलं. दर फेरीला टाळ्या.

"अकरा रुपये," आजी म्हणाली.

"अकरा एक वार, दोन वार, तीन वार! आजी, परत अर्पण ना?"

आजीनं अंडं पदरात बांधलं. "कोंबडीनं दिलं, देवाला पोचलं, सहादा पोचलं. आता अजून फिरवलं तर नासेल. पोरीला घालते."

टाळ्या वाजल्या नाहीत. घरी येऊन तिनं तवा ठेवला, कांदा चिरला, अंडं फोडलं. ताटली माझ्यापुढे सरकवली आणि डोळे मिटले. "हे बापा, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते. अकरा रुपयांचं आहे, तुला ठाऊकच आहे."

चुलीसमोर बाक नव्हतं. मी पोटभर हसले.