परग्रहवासीयांचे आक्रमण : गिरणगाव विभाग

परग्रहवासीयांना उतरायला गिरणीची जागा मानवते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सच्या रेडिओ-नाट्यात मंगळवासी न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल गावी उतरले आणि काही श्रोते खरोखर घाबरले. परळ-लालबागला ते प्रत्यक्षात उतरले, तेव्हा कोणी घाबरले नाही. सगळे नियमानुसार होते.

पूर्वतयारी माणसांनीच केली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले : मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मंगळवासीयांना एवढ्यासाठी उष्णकिरण वापरावे लागले.

आक्रमकांची लक्षणे : काचेचे कवच, चिमणीहून जास्त उंची, पायथ्याशी मजलेच्या मजले मोटारी. लोअर परळला उतरूनही ते पत्ता ‘अपर वरळी’ सांगतात. रेडिओवरचे मंगळवासी अखेर पृथ्वीवरच्या जंतूंनी मेले. हे बाटलीतले पाणी पितात.

स्थानिकांकडे दोन शस्त्रे आहेत. सुक्या बोंबलाचा वास वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नाही. गणपतीत मात्र दहा दिवस लालबागचे रस्ते परत जिंकले जातात आणि मोटारी तळघरात अडकतात. अनंत चतुर्दशीनंतर ताबा पूर्ववत होतो.