काले आवजो, पण कुठल्या काले?

नवापूर स्टेशनच्या फलाटावरून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत, आणि मधलं एक बाकडं अर्धं नंदुरबार जिल्ह्यात, अर्धं तापी जिल्ह्यात. लोक तिथे उतरून फोटो काढतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी निघालेला भेस्तानचा खानदेशी भाऊ मात्र खिडकीतून बघतो आणि पुन्हा डोळे मिटतो. त्या बाकड्यावर तो वर्षभर बसलेलाच असतो.

भेस्तान म्हणजे सुरतेच्या दक्षिण टोकाला, उधना आणि सचिन यांच्या मधे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आली आणि या पट्ट्यात वसली. घरात अहिराणी, नाक्यावर हिंदी, सरकारी खिडकीवर गुजराती. यातली तिसरी भाषा सगळ्यात उशिरा येते आणि सगळ्यात महाग पडते.

पहिला धडा ‘काले’ या शब्दाचा. गुजरातीत ‘काले’ म्हणजे उद्याही आणि कालही. ‘गई काले’ की ‘आवती काले’ हे संदर्भावरून ओळखायचं. खिडकीवरचा माणूस ‘काले आवजो’ म्हणाला की नवखा भाऊ चक्रावतो: काल कसं यायचं? जुने लोक समजावतात, त्याचं बरोबर आहे, खरं तर कालच यायला हवं होतं. दुसरा धडा ‘दाखलो’. गुजरातीत दाखलो म्हणजे प्रमाणपत्र आणि दाखलो म्हणजे शाळेतलं गणितही. उत्पन्नाचा दाखलो काढायला गेलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कायद्याच्या बाबतीत मात्र भाऊ परका नाही. 1949 चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा 1 मे 1960 ला दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. सुरतेची महापालिका 1966 ची, जळगाव आणि धुळ्याची 2003 ची. तिघींची आजी एकच. त्यामुळे कारभाराचा साचाही तोच. महापौराची मुदत अडीच वर्षं, खरा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. थोडक्यात, महापौर फीत कापतो आणि आयुक्त खर्च कापतो. फरक शब्दांचा: तिकडची घरपट्टी इकडे ‘वेरो’ होते, आणि तिकडचा तहसीलदार इकडे अजून जुन्या मुंबई राज्यातला ‘मामलतदार’च आहे.

प्रतिनिधींची तर चंगळ आहे. सुरत पालिकेच्या 2021 च्या निवडणुकीत 30 प्रभागांतून प्रत्येकी चार, असे 120 नगरसेवक निवडले गेले. म्हणजे एका तुंबलेल्या गटाराला चार मायबाप. चौघांचं कुटुंब असलं की दूध कुणी आणायचं, तसाच हा प्रश्न. आमदार निराळा. खासदार तर सुरतेचाही नव्हे: शहराचा हा दक्षिण भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतो. तिथून 2009 पासून निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्याचे. भाऊ गुजरातेत राहून, सुरतेत वेरो भरून, नवसारीचा म्हणून जळगावकडच्याच माणसाला दिल्लीला पाठवतो. एवढा वळसा तर रेल्वेही घेत नाही.

आता न्यायाने सांगायचं तर पालिका आळशी नाही. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो माणसं सुरत सोडून पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना एसी केबिनमधून उठवून रोज सकाळी रस्त्यावर, कचऱ्यापाशी उभं केलं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने पहिली आली. शेजारच्या बमरोलीत पालिका रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकते, आणि ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकते. भाऊ सकाळी घरून निघण्यापूर्वी जे सोडून येतो, ते बहुधा त्याच्या आधी मिलमध्ये पोचलेलं असतं. इतकी चोख सेवा कुठे मिळणार! पालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यात मराठीही आहे. पोरगं मराठीत शिकतं, बाहेर गुजराती बोलतं आणि बापाला हिंदीत उत्तर देतं.

रेशनचा प्रश्नही सुटला म्हणायचा. एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य, ही सोय 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांपासून सुरू झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातचीच. धान्याने सीमा ओलांडली. जात मात्र नवापूरलाच उतरते. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती मूळ राज्यातच मिळतात, स्थलांतर केलं म्हणून नव्या राज्यात मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केलं. परिणाम असा की भेस्तानात जन्मलेला पोरगा फॉर्ममधल्या ‘मूळ वतन’पाशी अडतो. ज्या गावाला तो फक्त आखाजीला जातो, ते त्याचं वतन. ज्या गल्लीत त्याचे दुधाचे दात पडले, तो नुसता पत्ता.

राहता राहिली खाडी. कांकरा, भेदवाड, मिठी, भाठेना, सिमाडा अशा खाड्या सुरतेतून वाहतात आणि त्यांच्यामुळे या शहराच्या बोलीत ‘खाडीपूर’ हा शब्द कायमचा रुजला आहे. 2025 च्या जूनमध्येही असा पूर आला. पाऊस बारडोली-पलसाणा भागात, म्हणजे पालिकेच्या हद्दीबाहेर पडतो आणि पाणी हद्दीत येतं. वरचा भाग जिल्ह्याचा, खालचा पालिकेचा, आणि गुडघ्याएवढं पाणी भाऊच्या खोलीत. ‘अमारी हदमां नथी’ हे वाक्य त्या पाण्याला कुणी ऐकवलेलं दिसत नाही. नवसारीचे खासदार 2024 पासून देशाचे जलशक्तीमंत्री आहेत, तेव्हा पाण्याचं खातं अगदीच लांब आहे असंही म्हणता येत नाही.

भेस्तानकरांना एवढीच विनंती: पावसाळ्याआधी वेराबिल, लाइटबिल आणि गावाकडचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. झेरॉक्स तीन काढा. आणि खिडकीवर ‘काले आवजो’ ऐकलंत तर तारीख कागदावर लिहून घ्या.